आइरुत : निरोप्या आणि सोबती

६ डिसेंबर हा फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. त्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळी निघणारी मिरवणूक खऱ्या अर्थाने रात्रीची मिरवणूक असते. हेलसिंकीतील विद्यार्थी हातात मशाली घेऊन हिएतानिएमीच्या दफनभूमीपासून सिनेट चौकापर्यंत चालत जातात. अग्रभागी विद्यार्थी संघटनांचे ध्वज असतात. ध्वज एकच जण धरतो. मात्र ध्वजधारकाने एकट्याने चालू नये, असा तिथला शिष्टाचार आहे. त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंना आणखी दोघे असतात. त्यांच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा रेशमी पट्टा असतो, हातांत पांढरे मोजे असतात आणि हात बहुधा रिकामे असतात.

या दोघांना फिनिश भाषेत ‘आइरुत’ म्हणतात. अनेकवचन ‘आइरुएत’.

शब्दकोशात पाहिले तर या शब्दाचे दोन अर्थ मिळतात. पहिला : समारंभात पाहुण्यांना, ध्वजाला किंवा मिरवणुकीला सोबत करणारा, वाट दाखवणारा, व्यवस्था राखणारा मानकरी. दुसरा : निरोप्या, दूत, आगमनाची वर्दी देणारा. वसंताच्या पहिल्या खुणेला फिनिश लोक ‘वसंताचा आइरुत’ म्हणतात. बर्फ पुरते वितळण्यापूर्वी शेतावर चंडोल गाऊ लागला की हे शब्द वर्तमानपत्रांत दिसू लागतात. चंडोल वसंताबरोबर चालत नाही, तो पुढे येऊन सांगतो. मग सांगणारा आणि सोबत चालणारा यांच्यासाठी एकच शब्द कसा? या धाग्याचा विषय तेवढाच आहे. मात्र उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते.

फिनिश ही भाषा युरोपातील बहुसंख्य भाषांच्या कुळातली नाही. मराठी, फारसी, इंग्रजी आणि स्वीडिश एकमेकींच्या दूरच्या का होईना नातलग आहेत. फिनिश मात्र उराली कुळातली. एस्टोनियन तिची सख्खी बहीण, हंगेरियन लांबची. तरीही ‘आइरुत’ हा शब्द मूळचा उराली नाही. बाल्टिक समुद्राच्या काठी राहणाऱ्या फिनिश पूर्वजांचा प्राचीन जर्मानिक भाषिकांशी शतकानुशतके व्यवहार चालत असे आणि त्या व्यवहारात शेकडो शब्द फिनिशमध्ये आले. भाषाशास्त्रज्ञ त्या जुन्या जर्मानिक भाषेतील मूळ शब्द ‘आइरुझ’ असा मानतात. अर्थ : दूत, निरोप्या.

या शब्दाचे इतर वारसदार पाहिले की ‘आइरुत’चे महत्त्व लक्षात येते. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक भाषेत बायबलचे भाषांतर केले. त्याची रुप्याच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातील प्रत आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. लूकच्या शुभवर्तमानात एका राजाचा दृष्टान्त येतो. आपल्याजवळ दहा हजार माणसे, समोरून चालून येणाऱ्याजवळ वीस हजार, तेव्हा शहाणा राजा शत्रू दूर असतानाच शिष्टाई पाठवून तहाची बोलणी करतो. त्या शिष्टाईसाठी वुल्फिलाने वापरलेला शब्द ‘आइरुस’. जुन्या नॉर्समध्ये तोच ‘आर’ झाला, जुन्या इंग्रजीतही ‘आर’. इसवी सन ९९१ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर माल्डन येथे झालेल्या लढाईवर एक जुने इंग्रजी काव्य आहे. त्यात नदीकाठी उभा राहून खंडणी मागणाऱ्या व्हायकिंगांच्या दूताला हाच शब्द लावलेला आहे.

पुढे गॉथिक भाषा संपली, आणि इंग्रजीतला व नॉर्समधला ‘आर’ही वापरातून गेला. इंग्रजीत कामासाठी बाहेर पाठवण्याला ‘एरंड’ म्हणतात, त्याच्याशी या शब्दाचे नाते जोडले जाते. ज्या भाषांचा तो स्वतःचा शब्द होता त्यांनी तो टाकला, आणि ज्या परक्या भाषेने उसना घेतला होता तिने तो आजवर चालवला. घरच्यांनी मोडीत काढलेले भांडे शेजाऱ्याच्या फडताळात लखलखीत सापडावे, तसा हा प्रकार.

फिनिशमध्ये असे घडणे नवे नाही. राजाला फिनिशमध्ये ‘कुनिंगास’ म्हणतात. मूळ जर्मानिक रूप ‘कुनिंगाझ’ मानले जाते. स्वीडिशमध्ये झिजत झिजत त्याचे ‘कुंग’ झाले, इंग्रजीत ‘किंग’. कडे किंवा अंगठी यासाठीचा ‘रेंगास’ हाही तसाच, शेवटच्या अक्षरासकट जपलेला.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे सावध राहावे. राजासाठी उसना शब्द आहे म्हणजे फिनिश लोक जर्मानिक राजांचे अंकित होते, दूतासाठी उसना शब्द आहे म्हणजे त्यांच्यात दूतच नव्हते, असे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. समाजमाध्यमांवर तर एका शब्दावरून साम्राज्ये उभी केली जातात. या मोहावर उतारा म्हणून एकच उदाहरण पुरे : फिनिशमध्ये आईसाठी असलेला ‘आइती’ हा शब्दही जर्मानिकमधून आलेला आहे. यावरून फिनिश लोकांना पूर्वी आया नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. शब्द आला म्हणजे माणसे भेटली, बोलली, बहुधा एकमेकांच्या घरी गेली, एवढेच खात्रीने म्हणता येते. ‘आइरुत’च्या बाबतीत त्याहून थोडे पुढे जाता येईल. परभाषकांकडून निरोप्यासाठी शब्द घेतला गेला, म्हणजे त्या दोन समाजांत निरोप येत-जात असावेत. पण तिथेच थांबावे.

राजाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. दीड-दोन हजार वर्षे ‘कुनिंगास’ हा शब्द जपणाऱ्या या देशावर आधी स्वीडनच्या राजांनी आणि १८०९ पासून रशियाच्या झारांनी राज्य केले. स्वतःचा राजा म्हणून फिनलंडच्या संसदेने ९ ऑक्टोबर १९१८ रोजी हेस्से घराण्याचा जर्मन राजपुत्र फ्रीडरिख कार्ल याची निवड केली. महिन्याभरातच जर्मनी युद्ध हरली आणि १४ डिसेंबरला त्याने नकार कळवला. राजा म्हणून त्याने फिनलंडमध्ये पाऊलही ठेवले नाही. शब्द होता, पण त्याखाली बसायला माणूस आला नाही.

आणखी एक इशारा नवख्या अभ्यासकांसाठी. फिनिशमध्ये ‘आइरो’ असाही शब्द आहे, त्याचा अर्थ नावेचे वल्हे. तोही जर्मानिक, इंग्रजीतल्या ‘ओअर’चा भाऊ. वल्हे मारत निरोप घेऊन येणारा तो आइरुत, अशी व्युत्पत्ती कुणी सुचवली तर ती ऐकायला छान वाटेल. पण हे दोन शब्द निराळे आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. निरोप्याचा सोबती कसा झाला?

एक धागा फिनिश भाषेतच सापडतो. सोबत करणे, पोचवायला जाणे यासाठी तिथे ‘साआत्ताआ’ हे क्रियापद आहे. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवणे, मुलाला शाळेत सोडायला जाणे, जहाजाच्या बरोबरीने संरक्षक जहाज चालवणे, सगळ्यांना हेच क्रियापद. त्यापासून ‘साआत्तुए’ म्हणजे मिरवणूक, ताफा. आणि निरोप्यासाठी फिनिशमध्ये रोजचा जो शब्द आहे तो ‘सानान्साआत्ताया’. त्याची फोड केली तर ‘शब्दाला सोबत करणारा’. निरोप एकटा प्रवास करत नाही, त्याला कोणीतरी पोचवायला लागते, अशी ही कल्पना आहे. या भाषेत राहणाऱ्या माणसाला सांगणारा आणि सोबत चालणारा हे दोन वेगळे इसम वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरा धागा व्यवहाराचा आहे. मोठा माणूस येणार असेल तर वर्दी देणारा त्याच्या पुढे चालतो. पुढे चालता चालता तो वाट मोकळी करतो. वाट मोकळी करणाऱ्याकडेच हळूहळू मिरवणुकीची व्यवस्था येते. मराठी वाचकाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत, कारण ‘चोपदार’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. काठी धरणारा तो चोबदार, दरबारात ललकारी देणारा आणि स्वारीपुढे चालणारा. दरबार गेले, फारसीही गेली. पण आषाढी वारीत चोपदाराने दंड उंचावला की हजारो वारकऱ्यांचा टाळ-मृदंग थांबतो. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चालणाराही चोपदारच. ‘आइरुत’ला मराठीत एकच शब्द द्यायचा झाला तर हा जवळचा ठरेल. फरक इतकाच की चोपदाराचे पद बरेचदा पिढीजात किंवा पगारी असते, तर आइरुत त्या दिवसापुरता नेमलेला असतो. दुसऱ्या दिवशी पट्टा परत घडी करून ठेवायचा आणि पुन्हा सर्वसाधारण विद्यार्थी व्हायचे.

आइरुतचे सर्वांत भरजरी रूप विद्यापीठाच्या पदवीदान सोहळ्यात दिसते. राणी क्रिस्तिना हिच्या काळात, १६४० मध्ये, तुर्कू येथे फिनलंडचे पहिले विद्यापीठ स्थापन झाले आणि १६४३ मध्ये तिथे पहिला पदवीदान समारंभ झाला. १८२७ च्या भीषण आगीत तुर्कू शहराचा मोठा भाग जळून गेल्यावर विद्यापीठ पुढच्या वर्षी हेलसिंकीला हलले, आणि सोहळाही त्याच्याबरोबर गेला. तो एका दिवसात आटोपत नाही. ‘मॅजिस्टर’ पदवीधारकांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचे मुकुट चढवले जातात, डॉक्टरांना उंच टोपी आणि तलवार मिळते. नंतर सिनेट चौकातून शेजारच्या कॅथेड्रलपर्यंत मिरवणूक, मेजवान्या, रात्रभर नृत्य. पहाटे सगळे थकलेभागले नाचणारे रांगेत उगवत्या सूर्याला सामोरे जातात आणि सूर्याला उद्देशून भाषण होते. एवढ्या सगळ्यात कोणी कुठे उभे राहायचे, कोणाच्या मागे कोणी चालायचे, कधी उठायचे आणि कधी थांबायचे, हे पाहणारे ते आइरुएत. त्यांच्या प्रमुखाला ‘युलिआइरुत’, म्हणजे मुख्य आइरुत, म्हणतात.

एकेकाळी या सोहळ्यात पदवी घेणारे सगळे पुरुष असत. स्त्रियांच्या वाट्याला मुकुट विणण्याचे काम येई. १८८२ मध्ये एम्मा इरेने ओस्त्रम ही ‘मॅजिस्टर’ पदवी मिळवणारी पहिली फिनिश स्त्री ठरली. आज आइरुतचा पट्टा कोणाच्या खांद्यावर आहे याचे कुणाला नवल वाटत नाही.

फिनलंडमध्ये दोन भाषा चालतात, आणि याच मानकऱ्याला तिथले स्वीडिशभाषक ‘मार्स्काल्क’ म्हणतात. हा शब्दही जर्मानिकच, आणि त्याचे मूळ फार साधे आहे. ‘मार्ह’ म्हणजे घोडा, ‘स्काल्क’ म्हणजे नोकर, म्हणजेच घोड्यांची देखभाल करणारा. राजाच्या तबेल्याचा हा नोकर मध्ययुगात चढत चढत दरबाराचा व्यवस्थापक झाला, सेनापती झाला. फिनिशमध्ये तोच ‘मार्साल्का’ बनून लष्करी पद म्हणून आला. ४ जून १९४२ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, कार्ल गुस्ताफ एमिल मानरहाइम यांना ‘फिनलंडचा मार्साल्का’ ही पदवी देण्यात आली. ती त्यांच्याशिवाय कोणालाही मिळालेली नाही. एक शब्द तबेल्यातून निघून राष्ट्रातील सर्वोच्च लष्करी पदवीपर्यंत गेला. दुसरा शब्द राजांमधील तहाची बोलणी करणाऱ्यापासून निघून, विद्यार्थ्याच्या खांद्यावरील पट्ट्यापाशी येऊन थांबला. कोणाची बढती झाली हे ज्याने त्याने ठरवावे. रिकाम्या हातांनी ध्वजाशेजारी चालणाऱ्याची जागा कमी मानाची नाही, एवढे मात्र सुचवावेसे वाटते.

कारण फिनलंडच्या इतिहासात निरोप पोचवणे ही नेहमी समारंभाची गोष्ट नव्हती. १५ फेब्रुवारी १८९९ रोजी झार दुसऱ्या निकोलसने एक जाहीरनामा काढून फिनलंडच्या स्वायत्ततेला कात्री लावली. उत्तर म्हणून लोकांनी झारला एक विनंतीपत्र पाठवायचे ठरवले. ऐन हिवाळा, रस्ते बर्फाखाली. विद्यार्थी आणि स्वयंसेवक बर्फावरच्या पट्ट्यांवरून, घसरगाड्यांतून गावोगावी गेले आणि रशियन अधिकाऱ्यांच्या नकळत दोन आठवड्यांच्या आत ५,२२,९३१ सह्या गोळा झाल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांनाही पोचली नव्हती. ५०० जणांचे शिष्टमंडळ त्या सह्या घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेले. झारने त्यांना भेट नाकारली. पाचशे माणसे कागदांसह परत आली.

त्या पाचशे जणांना किंवा बर्फातून सह्या गोळा करणाऱ्यांना त्या काळी कुणी ‘आइरुत’ म्हटले असेल असे मानण्याचे कारण नाही. पण वुल्फिलाने ज्या अर्थाने तो शब्द वापरला, मोठ्या सैन्यासमोर छोट्या राजाने पाठवलेली शिष्टाई, तो अर्थ त्यांना तंतोतंत लागू पडतो. दृष्टान्तातल्या राजाला निदान बोलणी करायला कोणीतरी समोर असेल अशी आशा होती.

दुसरा निरोप चाळीस वर्षांनंतरचा. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने हल्ला केला आणि १०५ दिवस हिवाळी युद्ध चालले. फिनलंडचे सुमारे २६,००० लोक त्यात मेले. या युद्धात फिनिश सैन्याने एक प्रथा सुरू केली, जी जगातल्या फार थोड्या सैन्यांनी पाळली आहे. मृत सैनिकाला रणांगणाजवळ न पुरता शक्य तेव्हा त्याच्या गावी, त्याच्या चर्चच्या आवारात पोचवायचे. त्यासाठी आघाडीमागे केंद्रे उभारली गेली. तिथे मृतदेहांची ओळख पटवली जाई, ते स्वच्छ करून पेटीत ठेवले जात. या कामात ‘लोत्ता स्वार्द’ संघटनेच्या स्त्रिया होत्या, त्यांतील कित्येक जेमतेम विशीतल्या. नंतर पेट्या रेल्वेने गावाकडे निघत.

पेटीच्या आधी निरोप पोचे. तो बहुधा गावचा पाद्री घेऊन येई. बर्फातून काळ्या पोशाखातला पाद्री येताना दिसला की वाटेवरच्या प्रत्येक घरात श्वास रोखला जाई. तो आपल्या दारावरून पुढे गेला तर सुटकेचा निःश्वास, आणि लगेच त्या निःश्वासाची शरम, कारण पुढचे घरही ओळखीचेच असे. फिनिशमध्ये अशा बातमीला ‘सुरुविएस्ती’ म्हणतात, दुःखाचा निरोप. शांततेच्या काळात बाप्तिस्मा आणि लग्ने लावणारा पाद्री पाच वर्षांत गावाला नकोसा निरोप्या होऊन गेला. काही पाद्र्यांनी या कामाचे ओझे जन्मभर वाहिले.

निरोप एकाने आणला, पेटी दुसऱ्यांनी पोचवली. मग दोघे चर्चच्या आवारात एकत्र आले आणि गाव ध्वजांसह पेटीच्या मागे चालला. आज फिनलंडमध्ये अशी सहाशेहून अधिक वीरभूमी आहेत. बहुतेक गावांत ती चर्चला लागून आहे, दगडांवरची आडनावे पुन्हा पुन्हा तीच. कारेलियाचा जो भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला, तिथल्या वीरभूमी मात्र सीमेपलीकडे राहिल्या. तिथून चार लाखांहून अधिक माणसे उठून आली. गावी पोचवलेल्यांना पुन्हा उचलून आणता आले नाही.

‘साआत्ताआ’ हे क्रियापद आजच्या फिनिशमध्ये रुग्णालयातही ऐकू येते. बरा होण्याची आशा संपलेल्या रुग्णाची शेवटच्या दिवसांत वेदना कमी करून जी काळजी घेतली जाते, तिला ‘साआत्तोहोइतो’ म्हणतात. शब्दशः, पोचवायला जाण्याची शुश्रूषा. वैद्यकीय परिभाषेत इतका थेट शब्द टिकून राहावा याचे आश्चर्य वाटते.

मानरहाइम यांचे जानेवारी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निधन झाले. ४ फेब्रुवारीला हेलसिंकीत त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि हिएतानिएमीच्या वीरभूमीत, आपल्या सैनिकांच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला हेलसिंकीच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा मशालींची मिरवणूक काढली. युद्ध संपून जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती. चालणाऱ्यांतले काही जण स्वतः आघाडीवर जाऊन आले होते, अनेकांचे भाऊ त्या दफनभूमीत होते. मिरवणूक निघण्यापूर्वी तिथे पुष्पचक्रे वाहिली जातात, ती आजही. नंतर ध्वज उचलले जातात, दोन्ही बाजूंचे दोघे आपापल्या जागी येतात आणि रांग शहराकडे निघते.